फल, पद आणि बेरीज : बैजिक क्रियांच्या भाषेविषयी

इंग्रजी गणितात ज्याला 'फंक्शन' म्हणतात त्याला मराठीत 'फल' किंवा 'फलन' असा प्रतिशब्द आहे. परिभाषेची चर्चा निघाली की अशा शब्दांकडे समितीच्या टेबलावर बसून घडविलेले, कृत्रिम, कोशापुरते शब्द म्हणून पाहण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकांना जडलेली आहे. 'फल' या शब्दाच्या बाबतीत ही सवय सर्वस्वी अन्यायकारक आहे. तो निवडणाऱ्यांच्या मनात काय होते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी शब्द जुना आहे आणि नेमक्या याच अर्थाच्या निकट शतकानुशतके वावरलेला आहे. पंचांग करणाऱ्या जोशाला मंदफल, शीघ्रफल, भुजफल, कोटिफल हे शब्द रोजचे होते. ग्रहाचे केंद्र बदलले की त्याचे मंदफल बदलते. केंद्र दिले असता मंदफल काढण्याची एक निश्चित रीत आहे, आणि त्या रीतीने एका केंद्राला एकच फल मिळते. यापलीकडे 'फंक्शन' या कल्पनेच्या व्यवहारात फारसे काही नसते.

गणेश दैवज्ञाचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ शके १४४२चा, म्हणजे इ. स. १५२० या सुमाराचा. कोकणच्या किनाऱ्यावरील नांदगाव हे गणेशाचे गाव. त्याचे वडील केशव दैवज्ञ हेही मोठे ज्योतिषी होते. ग्रंथ संस्कृत पद्यात असला तरी त्याचा संसार मराठी मुलखात झाला. महाराष्ट्रातील आणि आसपासच्या प्रदेशांतील पंचांगे पुढे कित्येक पिढ्या त्याच्या आधाराने होत राहिली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या आपल्या मराठी ग्रंथात (१८९६) गणेशाची योग्यता सविस्तर सांगितली आहे. गणेशाचा विशेष असा की त्याने ज्या आणि चाप यांचे गणित टाळले. ज्यांची कोष्टके पाठ करण्याऐवजी बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार या चार क्रियांतून फल निघावे, अशी सूत्रे त्याने बांधली. आजच्या भाषेत सांगायचे तर एका अबैजिक फलाच्या जागी त्याने एक बैजिक, परिमेय फल बसविले.

सूर्याच्या मंदफलाची रीत साध्या गद्यात अशी मांडता येते. केंद्राचा भुज अंशांत घ्यावा आणि त्याचा नववा भाग काढावा. तो २० मधून वजा करावा आणि जे उरेल त्याने त्याच नवव्या भागाला गुणावे. हा गुणाकार दोन ठिकाणी मांडावा. एका ठिकाणी त्याला ९ ने भागून ते ५७ मधून वजा करावे आणि जे राहील त्याने दुसऱ्या ठिकाणच्या गुणाकाराला भागावे. येईल ते अंशात्मक मंदफल. भुज ९० अंश असेल तर नववा भाग १०, वीसमधून उरलेले १०, गुणाकार १००. शंभराचा नववा भाग ५७ मधून गेला की ४५ आणि आठ-नवमांश उरतात आणि शंभराला त्याने भागले की सुमारे २ अंश १० कला ४५ विकला येतात. सूर्याचे परम मंदफल ते हेच.

या रीतीचे मूळ सातव्या शतकातील पहिल्या भास्कराच्या 'महाभास्करीया'तील ज्यासूत्रात आहे. वरील गुणाकार तोच घेतला तर पहिल्या भास्कराचे सूत्र चौपट गुणाकाराला ५०० उणे गुणाकाराने भागते. गणेशाची रीत एका ओळीत आणली तर ती नऊपट गुणाकाराला ५१३ उणे गुणाकाराने भागते. साचा एकच आहे, फक्त आकडे ग्रहापुरते बदलले आहेत. एका फलातून एक स्थिर संख्या वजा करणे, दोन फलांचा गुणाकार करणे, एका फलाने दुसऱ्याला भागणे, आणि शेवटी आलेले फल मध्यम ग्रहात मिळविणे किंवा त्यातून काढणे, या क्रिया नांदगावच्या या पद्यात आहेत. आजच्या महाविद्यालयीन पुस्तकातील 'फलांवरील क्रिया' हे प्रकरण याहून वेगळे काय शिकविते?

अर्थात येथे थोडे सावध राहिले पाहिजे. जोशाचे मंदफल हे एका विशिष्ट राशीचे मूल्य आहे. कोणतीही रीत, कोणताही नियम, मग तो सूत्रात बसो वा न बसो, हे फलच, अशी जी व्यापक कल्पना एकोणिसाव्या शतकातील युरोपीय गणितात रूढ झाली ती गणेशाकडे शोधणे म्हणजे पूर्वजांवर उसने वैभव लादणे होय. तसे करणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही. त्यांच्या उत्साहामुळेच गंभीर अभ्यासक या विषयापासून दूर राहतात, हे त्यातले दुर्दैव. गणेशाला सर्व काही ठाऊक होते असे सिद्ध करण्याची गरज नाही. त्याच्या परंपरेत क्रिया करण्याची भाषा होती आणि ती भाषा मराठीच्या शेजारी, बहुधा मराठीच्याच तोंडी अर्थनिरूपणातून, जगत होती, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

या शेजाराचा एक बोलका पुरावा खानदेशात आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. दुसऱ्या भास्कराचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि त्या मठाला दान मिळाले, असा त्याचा आशय आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृत असून अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्या मराठी भागात मठासाठी द्यावयाच्या करांचा आणि वाट्यांचा तपशील आहे. शास्त्र संस्कृतात आणि हिशेब मराठीत, अशी ही वाटणी एकाच दगडावर कोरलेली आहे. मराठी वाङ्मयाचा अभ्यासक हा लेख वाचतो तो प्राचीन मराठीचा नमुना म्हणून आणि गणिताच्या इतिहासाचा अभ्यासक वाचतो तो भास्कराची वंशावळ म्हणून. दगड एक आणि वाचने दोन, असा प्रकार झाला आहे.

शास्त्राची भाषा आणि हिशेबाची भाषा यांची ही गाठ मराठीच्या चार मूलक्रियांच्या नावांतही दिसते. गुणाकार आणि भागाकार हे शब्द शास्त्राकडून आले. बेरीज आणि वजाबाकी मात्र दफ्तरातून, वसुलीच्या आणि जमाखर्चाच्या फारसी-अरबी वळणाच्या लिखापढीतून आले. भास्कराच्या ग्रंथात या दोन क्रियांना संकलन आणि व्यवकलन म्हटलेले आहे, परंतु मराठी बोलणाऱ्या माणसाने बेरीजच स्वीकारली. आजही 'दोन बहुपदींची वजाबाकी करा' या वाक्यात बहुपदी पंडिताची आणि वजाबाकी कुलकर्ण्याची असते, आणि वाक्य कोठेही अडखळत नाही. परिभाषा शुद्ध हवी असा आग्रह धरणाऱ्यांनी या वाक्याकडे जरा वेळ पाहावे.

आता बीजगणिताकडे वळू. दुसऱ्या भास्कराचे (जन्म शके १०३६, इ. स. १११४) 'बीजगणित' उघडले तर समीकरणे पुष्कळ उशिरा येतात. आधी येते ते षड्विध : मिळवणे, वजा करणे, गुणणे, भागणे, वर्ग करणे आणि वर्गमूळ काढणे. या सहा क्रिया प्रथम धन आणि ऋण राशींवर, मग शून्यावर, मग अव्यक्तावर आणि पुढे अनेक वर्णांवर करून दाखविल्या आहेत. अव्यक्तांची नावे यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी, म्हणजे पहिले 'जितके असेल तितके' आणि पुढची रंगांची. लिहिताना त्यांची आद्याक्षरे पुरेशी होतात : या, का, नी. व्यक्त संख्येला 'रू', म्हणजे रूप. ऋण राशीच्या डोक्यावर टिंब. नियम असा की एकाच जातीची पदे परस्परांत मिळतात, भिन्न जातीची पदे वेगळी मांडून ठेवावयाची. दोन भिन्न वर्णांचा गुणाकार झाला की त्याला 'भावित' म्हणावयाचे. ज्याला आज शाळेत सजातीय आणि विजातीय पदे म्हणतात त्याचे हे मूळ.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे, कारण ही सगळी भाषा त्याच्या घरातली आहे. जाती, वर्ण, रूप, पद आणि भावित हे शब्द व्याकरणात, काव्यशास्त्रात आणि दर्शनात वेगवेगळ्या अर्थच्छटांनी फिरले आहेत. ते बीजगणितात येताना कोणता अर्थ घेऊन आले आणि कोणता बाहेर ठेवून आले, हा शब्दार्थविचाराचा अस्सल प्रश्न आहे. टीकाकारांनी तो हाताळलेलाही आहे. विदर्भातील दधिग्रामच्या घराण्यात जन्मलेल्या आणि काशीस राहिलेल्या कृष्ण दैवज्ञाने, ज्याला जहांगीर बादशहाचा आश्रय होता, 'बीजगणिता'वर 'बीजपल्लव' नावाची टीका लिहिली. ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, आणि ते देश, काल व वस्तू अशा तीन प्रकारांनी संभवते, असे त्याचे विवेचन आहे. उणे चिन्हाचा असा अर्थविचार आजच्या कितीशा पाठ्यपुस्तकांत सापडेल? त्याच्या आधी, १५३८च्या सुमारास, गोदावरीकाठच्या पार्थपुरात राहणाऱ्या सूर्यदासाने 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली. हाच सूर्यदास 'रामकृष्णविलोमकाव्या'चा कर्ता आहे. या काव्यातील श्लोक डावीकडून वाचले तर रामकथा आणि उलट वाचले तर कृष्णकथा देतात. संस्कृत साहित्याच्या विभागात विलोमकाव्याचे नाव निघते आणि गणिताच्या इतिहासात टीकेचे निघते, परंतु दोन्ही एकाच माणसाने लिहिली याचा विचार कोणी सहसा करीत नाही.

फलांच्या भागाकाराचा प्रश्न विशेष लक्ष देण्यासारखा आहे, कारण तेथे भाषा आणि गणित यांची खरी कसोटी लागते. क्ष² − १ या पदावलीला क्ष − १ ने भागले तर क्ष + १ उरते. पदावली म्हणून पाहिले तर हे निर्विवाद आहे : समान अवयव काढून टाकला आणि अतिसंक्षिप्त रूप मिळाले. पण फल म्हणून पाहिले तर क्ष = १ या ठिकाणी मूळ भागाकाराला मूल्यच नाही, कारण तेथे शून्याला शून्याने भागण्याची वेळ येते. क्ष + १ या फलाला मात्र तेथे २ हे मूल्य आहे. तेव्हा ही दोन फले एक नव्हेत, ज्या मूल्यांसाठी ती परिभाषित आहेत त्यांचा प्रांत वेगळा आहे. संक्षेप करताना एक बिंदू मुकाट्याने आत घेतला गेला.

भास्कराला हा प्रश्न त्याच्या रीतीने भेटला होता. शून्याने भागलेल्या राशीला त्याने 'खहर' म्हटले, ती अनंत मानली आणि तिच्यात कितीही मिळवले वा काढले तरी विकार होत नाही, हे सांगताना अनंत अच्युताची उपमा दिली. त्याआधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागले असता शून्य, असा निर्णय दिला होता. भास्कराचे खरे वैशिष्ट्य मात्र 'खगुण' या कल्पनेत आहे. राशीला शून्याने गुणले आणि पुढे आणखी क्रिया बाकी असतील तर लगेच शून्य म्हणून मोकळे होऊ नये, शून्य हा गुणक म्हणून तसाच जवळ ठेवावा, आणि नंतर शून्याने भाग आला तर राशी जशीच्या तशी राहते असे मानावे. 'लीलावती'त त्याचे उदाहरण आहे : एक राशी शून्याने गुणली, तिच्यात तिचे अर्धे मिळविले, तीनने गुणले, शून्याने भागले, ६३ झाले, तर राशी कोणती? उत्तर १४. चौदा आणि सात एकवीस, एकवीस त्रिक त्रेसष्ट, आणि मधले दोन शून्य परस्परांना खाऊन टाकतात. आधुनिक गणिताला ही रीत मान्य होणार नाही, आणि तिच्यात सीमेची कल्पना वाचणे हा अतिरेक होईल. परंतु समान अवयव काढून टाकण्याचा मोह आणि त्यातला धोका, दोन्ही या उदाहरणात स्वच्छ दिसतात. वर्गात क्ष² − १ शिकविणाऱ्याला याहून चांगला प्रवेश मिळणार नाही. तो घेतला जात नाही याचे कारण 'लीलावती' ही वस्तुसंग्रहालयात ठेवण्याची आणि परिमेय फल ही परीक्षेत सोडविण्याची गोष्ट, अशी वाटणी झालेली आहे.

परिभाषेच्या सरकारी प्रयत्नांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला. शक्य तितक्या भारतीय भाषांत एकच शब्द असावा आणि तो संस्कृत धातूंवरून घडवावा, हे त्याच्या तत्त्वांपैकी एक. प्रत्यक्षात काय झाले? 'फंक्शन'ला हिंदीत फलन, बंगालीत अपेक्षक, गुजरातीत विधेय, तेलुगूत प्रमेय, कन्नडात उत्पन्न, तमिळात सार्बु. यांतील बहुतेक शब्द संस्कृतच आहेत, आणि तरीही एकरूपता नाही. तेलुगूतले प्रमेय मराठी विद्यार्थ्याला भूमितीतले सिद्ध करावयाचे विधान वाटेल, आणि कन्नड उत्पन्न ऐकून मराठी माणूस प्राप्तिकराचा विचार करील. याला अराजक म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः येथे प्रत्येक भाषेने एकाच कल्पनेची वेगळी बाजू धरली आहे. बंगालीने आणि तमिळने अवलंबून असणे पाहिले, गुजरातीने उद्देश्याविषयी काही विधान करणे पाहिले, कन्नडाने निर्माण होणे पाहिले, मराठी-हिंदीने परिणामी हाती येणे पाहिले. बहुपदीला तमिळात पल्लुरुप्पुक् कोवै म्हणतात, म्हणजे अनेक अवयवांची ओवणी, आणि कोवै हा तमिळ प्रेमकाव्याचा एक प्रकारही आहे. बंगालीत बैजिक पदावलीला राशिमाला म्हणतात. तुलनात्मक भारतीय साहित्याचा अभ्यास रूपकांची तुलना करतो, तर ही रूपके त्याच्या कक्षेबाहेर का समजावीत?

रूपकांना किंमतही मोजावी लागते, हे मान्य केले पाहिजे. मराठीतले 'फल' हे मूल्याच्या फार जवळ आहे. त्यामुळे दोन फलांची बेरीज म्हणजे ठिकठिकाणच्या मूल्यांची बेरीज, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्याला जवळजवळ न सांगता कळते. पण फल हा नियम आहे आणि मूल्य हे त्याचे एका ठिकाणचे उत्तर आहे, हा भेद त्याच्या हातून निसटतो. अपेक्षक म्हणणाऱ्या बंगाली विद्यार्थ्याला हा भेद सोपा जात असावा, परंतु दोन अपेक्षकांचा गुणाकार म्हणजे काय हे त्याला अधिक समजावून द्यावे लागेल. 'फलन' हे रूप क्रियावाचक असल्याने नियमाच्या अर्थाला अधिक पोषक आहे आणि मराठीनेही तेच पक्के करावे हे बरे. कोशात दोन्ही ठेवण्याचा उदारपणा विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही.

पण शब्दांहून महत्त्वाचा प्रश्न वाक्याचा आहे, आणि कोशकारांनी तो कधी विचारातच घेतला नाही. आयोगाच्याच तत्त्वांनुसार गणिती क्रियांतील अक्षरे रोमन वा ग्रीक राहावयाची. मराठी माध्यमाच्या माध्यमिक पुस्तकांतही आता रोमन अक्षरेच असतात. त्यात मोठे नुकसान आहे असे नाही, क्ष आणि य यांना कवटाळून बसण्यात अर्थ नाही. परंतु चिन्हांचा क्रम इंग्रजी वाक्याचा आहे. फ या फलाचे क्ष येथील मूल्य लिहिताना आधी फ आणि मग कंसात क्ष लिहितात, कारण इंग्रजी माणूस आधी फलाचे नाव उच्चारतो. मराठी माणूस म्हणतो 'क्षचे फ'. षष्ठीचा प्रत्यय क्षला लागतो आणि फल मागाहून येते. एका फलाच्या आत दुसरे फल असेल तर हा फरक ठळक होतो. लिखाणात फ आधी दिसतो आणि ग नंतर, पण क्रिया आधी ग-ची करावयाची असते. मराठीत 'क्षच्या ग-चे फ' म्हटले की शब्दांचा क्रम आणि क्रियेचा क्रम एकच होतो. मराठी, हिंदी, तमिळ, कन्नड या सर्व भाषांची रचना अशीच आहे. काही बीजगणितज्ञांनी फल उजवीकडे लिहिण्याची पद्धत अवलंबिली, ती नेमक्या याच सोयीसाठी. भारतीय विद्यापीठांत दीर्घकाळ वाचले गेलेले हर्स्टाइन यांचे 'टॉपिक्स इन अल्जेब्रा' (१९६४) हे पुस्तक त्याच पद्धतीचे आहे. जी सोय त्यांनी चिन्हे उलटवून मिळविली ती भारतीय भाषांना व्याकरणाने दिलेली आहे. इतके असूनही मराठी पुस्तकातले वाक्य 'फ ऑफ क्ष'च्याच चालीने चालते, आणि विद्यार्थी संयुक्त फलांची उलटसुलट गफलत करीत राहतो.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून देण्यास परवानगी दिली आणि पुस्तकांच्या भाषांतराचे काम हाती घेतले. निर्णयाच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. परंतु ही पुस्तके शब्दसंग्रह समोर ठेवून, शब्दाला शब्द लावून झाली, तर ती मराठी अक्षरांतली इंग्रजी पुस्तकेच होतील. दहावीपर्यंत मराठीतून गणित शिकून आलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला त्यांच्यापेक्षा मूळ इंग्रजी पुस्तक बरे वाटेल, आणि मग तोच पुरावा म्हणून दाखविला जाईल की मराठीतून हे जमत नाही. भाषांतर तपासणाऱ्यांत गणिताचे प्राध्यापक असतात, तसे वाक्यरचना जाणणारे मराठीचे प्राध्यापकही असावेत. आजवर मराठीच्या प्राध्यापकांना बोलावले गेले ते फक्त शुद्धलेखन पाहण्यासाठी, आणि ते स्वतःही त्याहून अधिक मागावयास कधी गेले नाहीत.

या मागणीला परंपरेचे पाठबळही आहे. पुण्यात जन्मलेले आणि नागपुरास शिकलेले बापूदेव शास्त्री (जन्म १८२१) काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवीत होते आणि त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले. एका मराठी पंडिताने हिंदीला बीजगणिताचे गद्य दिले. त्यांच्या नंतरच्या पिढीतले सुधाकर द्विवेदी यांनी 'चलन-कलन' लिहिले आणि ग्रियर्सन यांच्यासह जायसीच्या 'पद्मावता'चे संपादनही केले. अवधी काव्याचा पाठ ठरविणारा हात आणि फलांच्या विकलनाला हिंदी वाक्य देणारा हात एकच होता. हिंदी गद्याच्या इतिहासात या दोघांच्या गणिती ग्रंथांवर एखादे प्रकरण असावयास हवे, आणि मराठीच्या इतिहासात बाळशास्त्री जांभेकरांच्या 'शून्यलब्धिगणिता'वर. जांभेकरांचे 'दर्पण' सर्वांना ठाऊक आहे. 'शून्यलब्धिगणिता'ची वाक्ये कशी चालतात, तेथे कर्ता कोठे असतो, 'जर-तर'चा भार ती कशी पेलतात, हे पाहण्याचे काम साहित्याच्या विद्यार्थ्याचे आहे, कारण गणिताचा विद्यार्थी ते पुस्तक आता उघडणार नाही.